गीझरच्या बटणावरची चिकटपट्टी

मी भांडी घासतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नावापुढे कुणी साहेब-बिहेब लावायला नको. कतारात आलो तेव्हापासून हेच केलं. आधी मजुरांच्या कॅम्पात, पाचशे माणसांच्या भाताची पातेली. मग एका हॉटेलात स्टुअर्ड. स्टुअर्ड म्हणजे भांडीवालाच, फक्त डोक्यावर टोपी असते. साठी उलटल्यावर हॉटेलने फुलं दिली, केक कापला आणि आता गावी आराम करा म्हणून सांगितलं. मला आराम जमत नाही. मी गेलो नाही.

शिक्षण चौथी. पाचवीच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांशी भांडण झालं आणि मी दप्तर परत उचललं नाही. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या या अंकासाठी लिहा म्हणून आमच्या मधुरा मॅडम मागे लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, माझं शुद्धलेखन बघून लोक अंक परत करतील."

त्या म्हणाल्या, "काका, शुद्धलेखन मी बघते. तुम्ही गीझरचं लिहा."

"गीझरचंच कशाला? चांगली पंचवीस वर्षांची कामं आहेत."

"गीझरचंच लिहा," म्हणाल्या. मग लिहितो. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मधुरा मॅडम पुण्याच्या. त्यांचे मिस्टर गॅस कंपनीत इंजिनिअर, राहायला दोह्यातल्या अल हिलालला. मॅडम घरी चहा आंबवायच्या. दचकू नका. दुधाला विरजण लावतात तसं गोड चहाला विरजण लावायचं. जाड सायीसारखा एक गोळा असतो, तो चहावर तरंगत ठेवायचा आणि वरून फडकं बांधायचं. आठ-दहा दिवसांनी आंबटगोड, जिभेला चुरचुरणारं पेय तयार होतं. त्याला कोम्बुचा म्हणतात. त्यात दारू नाही, प्रत्येक घाणा तपासून घ्यावा लागतो. पण हे माझ्या खोलीवरच्या पोरांना कोण सांगणार? "काका कतारात हातभट्टी लावतात," म्हणून चिडवतात. चिडवू देत.

आधी स्वयंपाकघरातल्या चार बरण्यांवर त्यांचं चालायचं. मैत्रिणी मागायला लागल्या, मग एक कॅफे मागायला लागला. धुवायला माणूस हवा होता, कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेलो तर मॅडमनी खुर्ची दिली, सरबत दिलं आणि विचारलं, "काका, अनुभव काय?"

ओट्यावर त्यांची बरणी होती, खाली तोटी लावलेली. बरणी लख्ख होती. मी ती तोटी पिरगाळून काढली आणि आतून बोट फिरवून त्यांच्यापुढे धरलं. बोटावर चॉकलेटी शेंबूड.

"हे कधी धुतलं होतं?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांचा मुलगा तिथे होता, तो "ओह, दॅट्स सो ग्रॉस" म्हणून पळाला. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण घरात भांडी सगळेच धुतात आणि सगळ्यांना वाटतं त्यात काय कळायचंय. साबण तेलाला चालतो. चहाचा डाग तेलाचा नसतो. चहा भांड्याला कातडी चढवतो, आणि चहा आंबवला की त्या कातडीवर बुळबुळीत थर चढतो. तो घासून जात नाही. घासलं तर प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि घाण त्या ओरखड्यात जाऊन बसते. ब्लीच मारलं तर वास राहतो आणि स्टीलला बारीक भोकं पडतात. इथे लागते ऑक्सिजनची पावडर. कपड्याचे डाग काढायला लाँड्रीवाले वापरतात तीच, मिठासारखी पांढरी. गरम पाण्यात टाकली की फसफसते. तो फेस डागाच्या खाली शिरतो आणि कातडी सोडवतो. मग खळाखळा पाण्यानं धुवायचं, दोनदा, तिसऱ्यांदाही धुतलं तर कुणी मारत नाही. जंतू मारायचं औषध वेगळं असतं, ते त्याच्यानंतर. पण घाणीवर औषध मारलं तर औषध वाया जातं आणि घाण तिथेच राहते.

हे मला हॉटेलच्या लाँड्रीत कळलं. तिथला माणूस चहा सांडलेले नॅपकिन त्या पावडरीत भिजवायचा. मी एकदा कडकचा थर्मास घेऊन गेलो. कडक म्हणजे इथला उकळून उकळून लाल केलेला दुधाचा चहा. थर्मास आतून काळा झाला होता. मूठभर पावडर, वरून गरम पाणी. अर्ध्या तासानं ओतलं तर आत आरसा! त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता.

पुढे त्याच पावडरीनं मला धडाही दिला. भिजवलेल्या कॅनचं झाकण मी घट्ट लावलं. पावडर आत हवा सोडत असते, तिला जायला वाट नको का? कॅन फुगला आणि असा फुटला की शेफ टेबलाखाली बसला. तेव्हापासून झाकण उघडं.

मॅडमकडे मात्र बाहेरदेशातून मागवलेला एक डबा होता, मद्य बनवणारे लोक वापरतात ती खास पावडर. एवढासा डबा, पण ऐट अशी की सोनाराच्या दुकानातून आणलाय. मी म्हटलं, हे बंद करा. लाँड्रीला माल देणाऱ्याच्या दुकानातून मी साध्या पावडरीची गोणी आणली.

"काका, हे खाण्यापिण्याच्या भांड्याला चालतं?"

"चालतं. फक्त वासाची आणि रंगीत दाण्यांची घ्यायची नाही." तरीही मॅडमनी गोणीवरचं बारीक अक्षर सगळं वाचलं, त्याशिवाय हात लावू दिला नाही. बरोबरच आहे. मला इंग्रजी वाचता येत नाही, मी वास घेऊन ओळखतो आणि जुन्या थर्मासवर करून बघतो. पण वाचणाऱ्यानं वाचावंच. मॅडमच्या एका मैत्रिणीनं बघून बघून घरी हाच उद्योग केला आणि कपड्यांची निळ्या दाण्यांची, सुगंधी पावडर वापरली. तिच्या मिस्टरांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "हे प्यायचं, की यात चादरी भिजवायच्या?"

तर असं माझं चाललं होतं. मॅडमनी परवाने काढले आणि अल नस्रला दुकानांच्या मागे एक जागा घेतली. स्टीलच्या तीन टाक्या, टाकीपासून बाटल्या भरायच्या तोटीपर्यंत लांब नळी आणि बाटल्या धुवायचं एक मशीन. टाक्या, नळी आणि तोटी माझ्याकडे. बाटल्या आणि मशीन टिकारामकडे. टिकाराम नेपाळचा, चाळिशी पार केलेला. मला 'दाइ' म्हणतो, म्हणजे दादा. बोलायला कंजूस. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर त्यातली चार मशीनशी.

ही जागा सुरू झाली मे महिन्यात. आता इथला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पाण्याचं सांगायला नको, पण गावाकडे अंक जातो म्हणून सांगतो. इथे उन्हाळ्यात नळाची उलटी गंगा असते. गच्चीवरच्या टाकीत पाणी इतकं तापतं की गार पाण्याचा निळा नळ सोडला तर हात भाजतो. मग लोक काय करतात, गीझर बंद ठेवतात. गीझर घरात, एसीच्या गारव्यात. त्यातलं पाणी निवतं. म्हणजे लाल नळाला गार आणि निळ्या नळाला गरम. नवा माणूस पहिल्या आंघोळीला ओरडतो तो यामुळेच.

मी ही गंमत कामाला लावली. निळ्या नळाचं फुकटचं गरम पाणी पावडरीला आणि लाल नळाचं गार पाणी शेवटच्या धुण्याला. कुणी चुकून गीझर चालू केला तर सगळा घोळ, म्हणून त्याच्या बटणावर मी चिकटपट्टी मारली, आडवी आणि उभी. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं डोकं इंजिनिअरचं आहे." त्यांचे मिस्टर इंजिनिअर असताना असं म्हणाल्या, म्हणजे बघा.

तिथेच माझं डोकं वर गेलं. खाली यायला डिसेंबर उजाडला.

डिसेंबरात एका हॉटेलच्या कॅफेनं पेटी परत केली. बाटलीत तंतू. वास ओल्या पायमोज्यासारखा. मॅडमनी टाकीतलं चाखून बघितलं, टाकीतलं उत्तम. पुढच्या घाण्याला पुन्हा तेच. टाकीत चांगलं, बाटलीत खराब. दोन कॅफेंनी माल थांबवला. तिसरा घाणा परत आला त्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं.

"काका, खरं सांगा. कुठे चुकतंय?"

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "सरळ आहे. टाकी माझी, बाटली टिकारामची. टाकीत चांगलं आहे."

एवढंच बोललो. पण तेवढं पुरलं. टिकारामचा करार महिनाअखेर संपत होता. मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं की नवा कागद करायचा की नाही ते पुढच्या घाण्यावर ठरेल, आणि त्यानं दुसरीकडे विचारून ठेवावं. तो बाहेर आला, मशीनचा दरवाजा उघडला आणि रिकाम्या बाटल्या लावत राहिला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो वर उत्तर टोकाला, मदिनत अश शमालपर्यंत जाऊन आला. तिथे ओळखीच्या बेकरीत जागा आहे का बघायला. जागा नव्हती.

मॅडमना माझ्या पावडरीवरही शंका होती. "काका, तो पहिला डबा पुन्हा मागवूया का? स्वस्त पावडरीचा काही..."

मी उखडलो. "पावडर चांगली आहे. उन्हाळाभर एक तक्रार आली का? पावडरीला नाव ठेवायचं तर आधी मला ठेवा."

हट्टानं मी माझ्यापुरतं एक ठरवलं. पावडर चांगली आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं. सकाळी लवकर आलो. नळी सोडवली, बादलीत घातली, निळा नळ सोडला, पावडर टाकली. नेहमीसारखं हातानं ढवळलं. बोटं आखडली. थंडीत माझी बोटं तशीही आखडतात. पुसायला फडकं घ्यावं म्हणून खिळ्याकडे वळलो, तर खिळ्यावर माझे रबरी हातमोजे. त्यांच्यावर धूळ. कडक होऊन एकमेकांना चिकटलेले.

मी तिथेच उभा राहिलो. उन्हाळ्यात मोज्याशिवाय त्या बादलीत हात घालता येत नव्हता. मग मी हे मोजे शेवटचे कधी घातले? नोव्हेंबरात? त्याच्याही आधी? पुन्हा बादलीत हात घातला. पाणी गार होतं. पावडर तळाशी वाळूसारखी बसली होती. एखाद-दुसरा बुडबुडा, बाकी काही नाही.

गच्चीवरचं पाणी कधीच निवलं होतं. गीझर मीच बंद केलेला. दोन्ही नळांना गार पाणी, आणि मी रोज अर्धा तास नळी गार पाण्यात भिजवून, तिला धुतली समजून लावत होतो. टाकी मी आत शिरून हातानं पुसायचो, म्हणून ती वाचली. नळीच्या आत हात जात नाही. बाटल्यांच्या मशीनला त्याचं स्वतःचं हीटर आहे, त्यामुळे बाटल्या पहिल्यापासून स्वच्छ. टाकीतलं चांगलं, बाटलीतलं खराब, आणि मधली नळी माझी. तिचं नावच मी घेतलं नव्हतं.

खोकी कापायच्या सुरीनं मी नळीचा हातभर तुकडा कापला आणि उभा चिरला. आत तोच चॉकलेटी शेंबूड, जो मी मॅडमना पहिल्या दिवशी बोटावर दाखवला होता.

मनात वाईट विचार आला नाही असं म्हणणार नाही. कुणी बघितलं नव्हतं. पट्टी काढून गीझर चालू करायचा, नवी नळी लावायची. पुढचा घाणा आपोआप सुधारला असता, टिकारामचा कागदही झाला असता. सगळे म्हणाले असते, टिकाराम सुधारला. त्या एका शब्दाशी मी अडलो. न चुकलेला माणूस सुधारणार कसा?

पट्टी काढली. ती सुटेना, नखानं खरवडावी लागली. गीझर तापू दिला. चिरलेल्या नळीचे दोन तुकडे केले. एक गार पाण्यात, एक गरम पाण्यात, दोन्हींत सारखीच पावडर. गरम पातेलं लगेच फसफसलं. अर्ध्या तासानं दोन्ही तुकडे स्टीलच्या ताटात घेतले आणि मॅडमच्या केबिनमध्ये ठेवले. एक काचेसारखा, एक गटारासारखा.

"मॅडम, पावडर चांगली आहे," मी म्हटलं. आधी तेच तोंडातून निघालं, काय करू. मग म्हटलं, "मी चुकलोय. गीझर बंद होता."

"कधीपासून?"

"मेपासून. पट्टी माझी."

त्या ताटाकडे बघत राहिल्या. "टिकारामच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. दोनदा म्हणाला, दाइ, गीझर ऑन करू? मी म्हटलं, हात लावलास तर हात मोडून ठेवीन."

"काका, तो शमालला जाऊन आला हो नोकरी शोधायला."

"माहीत आहे. त्याला मी सांगतो. तुम्ही सांगू नका. आणि कागद कोणाचा अडवायचा असेल तर माझा अडवा."

मॅडमनी टिकारामला हाक मारली. तो दारात उभा राहिला, हात पुसत. त्याला वाटलं, झालं, खलास. मला माफी मागायची सवय नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मागितली, त्यातल्या दोन बायकोकडे, आणि त्याही फोनवर. मी म्हटलं, "टिकाराम, गलती मेरी थी. पाइप मेरा था. बोतल तेरा साफ था."

तो ताटाकडे बघून म्हणाला, "मालूम था, दाइ."

"क्या मालूम था?"

"पानी ठंडा था. पाइप गंदा था."

मला राग आला. खरंच आला, माझी चूक असूनही. "मालूम था तो मॅडम को क्यों नहीं बोला? नोकरी जा रही थी तेरी!"

"आपको तो बोला था. दो बार." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "मॅडम को बोलता तो चुगली होता. काम आपके हाथ का है. आपको ही बोलना था."

मॅडम ड्रॉवर उघडून कागद शोधायला लागल्या. कागद वरच होता, तरी शोधत होत्या.

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून सगळं उघडलं. प्रत्येक तोटी, प्रत्येक वॉशर. मॅडम बाह्या वर करून बसल्या. नवी नळी आली. पाणी किती गरम हवं ते मॅडमनी वाचून सांगितलं आणि एक थर्मामीटर आणला. त्याच्यावरचे आकडे मला वाचता येतात, चौथीत तेवढं शिकवलं होतं. पुढचा घाणा होईपर्यंतचे दहा दिवस मी रोज नळीला नाक लावून वास घेत होतो. अकराव्या दिवशी टाकीतून चाखलं, मग बाटलीतून. मॅडमनी चाखलं, टिकारामनं चाखलं. दोन्हीकडे एकच चव. दोन कॅफे परत आले. हॉटेलवाला आला नाही, अजून आलेला नाही. तिथल्या शेफकडे मी स्वतः ताट घेऊन गेलो होतो. त्यानं ऐकून घेतलं, कडक पाजला, आणि इन्शाल्ला म्हणाला. इथे इन्शाल्ला म्हणाले की किती आशा धरायची हे आपल्याला कळतं. ती रुखरुख मला आहे.

माझा कागद मॅडमनी अडवला नाही. टिकारामच्या कागदावर सही तर ताट दाखवलं त्याच दुपारी झाली होती.

पुन्हा मे आला. निळा नळ तापला. टिकारामनं गीझर बंद केला आणि चिकटपट्टीचं रीळ घेऊन माझ्यापुढे उभा. "दाइ, लगाऊँ?"

चेहरा अगदी सरळ. टोमणा होता की विचारणं होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"नको," म्हटलं. "ते रीळ खोक्यांना वापर."

हे लिहितोय तेव्हा उन्हाळा सरत आलाय. बटण उघडंच आहे. आता रोज सकाळी कामाला लागायच्या आधी मी मोजे खिळ्यावर ठेवतो आणि निळ्या नळाखाली उघडा हात धरतो. थर्मामीटर आहे, तोही बघतो, पण आधी हात. आज हात धरला तर पाणी गरमच होतं, पण चटका बसला नाही. टिकारामनंही शेजारून हात पुढे केला.

"गीझर के बिना अभी पंद्रह दिन चलेगा, दाइ."

"दहा," मी म्हटलं.

"पंद्रह."

"दहा. लिहून घे."

तो हसला. "और बटन?"

मी हात पुसले आणि मोजे घातले. "बटन तू दबाना," म्हटलं. "मुझे पूछना मत."